फाटक नऊला बंद होतं: सोलापूर ते मुन्नार, एका कौटुंबिक प्रवासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

विजापूर रोडवर माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. लांब जायच्या आधी लोक गाडी दाखवायला येतात. मशीन चालू असतं तोवर चहा होतो आणि चहाबरोबर रस्त्याची चौकशी. त्यातूनच मला लोकांचे मार्ग आखून द्यायची खोड लागली. त्याचे पैसे घेत नाही, टायर माझ्याकडून घ्यावेत एवढीच अपेक्षा. हे प्रकरण जानेवारी २०२५ चं आहे. कुटुंबाला विचारून लिहितोय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

घर टॉवेलच्या धंद्यातलं, माणसं नऊ. आबा बहात्तर वर्षांचे, आजी सदुसष्टच्या. थोरला, धाकटा, दोन सुना आणि तेरा, दहा, सहा वर्षांची तीन मुलं. गाड्या दोन: एक सात जणांची डिझेल आणि एक छोटी, सीएनजीवर चालणारी. थोरला हिशेबी माणूस. त्याने संगणकावर तक्ता करून आणला होता. आठ दिवस, सहा डोंगरी राष्ट्रीय उद्यानं: चांदोली, कुद्रेमुख, नागरहोळे, बंडीपूर, मुदुमलाई आणि मुन्नारचं एराविकुलम. निघायचं १ फेब्रुवारीला. तक्त्यात एक रकाना होता 'लागणारा वेळ', आणि तो सरळ अंतराला साठने भागून काढलेला.

सोलापूरच्या माणसाचा हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. विजापूर शंभर किलोमीटर, दीड-पावणेदोन तासात गाडी लागते. रस्ता सरळ, जमीन सपाट. आपला घाट म्हणजे तुळजापूरचा, तो सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो.

अडचण

तक्ता बघताना माझं पहिलं बोट शेवटच्या ओळीवर गेलं. एराविकुलम, ७ फेब्रुवारी. हे उद्यान निलगिरी ताहर या डोंगरी बकऱ्यासाठी राखलेलं आहे. त्याच्या माद्या वर्षाच्या सुरुवातीला वितात, म्हणून दरवर्षी साधारण फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने वनखातं पर्यटकांना आत सोडत नाही. म्हणजे साडेअकराशे किलोमीटर गाडी हाकून हे लोक बंद फाटकासमोर फोटो काढणार होते.

दुसरी गोष्ट बंडीपूरची. गुंडलुपेटहून ऊटीकडे आणि वायनाडकडे जाणारे दोन्ही महामार्ग या जंगलातून जातात. गाड्यांखाली जनावरं मरतात म्हणून २००९ पासून तिथे रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. ठरावीक बस आणि रुग्णवाहिका सोडल्या तर कुणाला सोडत नाहीत. तक्त्यात एका दिवशी मैसूरहून निघून 'रात्री १०.३० मसिनगुडी मुक्काम' असं लिहिलं होतं, आणि मसिनगुडी तर या जंगलाच्या पलीकडे, तमिळनाडूत.

तिसरं, मसिनगुडीहून ऊटीला चढताना नकाशाने कल्हट्टी घाट सुचवला होता. छत्तीस हेअरपिन वळणं आणि चढ असा की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. अपघातांमुळे बाहेरगावच्या गाड्यांवर तिथे निर्बंध आहेत, उतरायला तर नाहीच. गुडलूर, नडुवट्टम, पायकारा हा रस्ता दुपटीहून जास्त लांब पडतो, पण माणसाने तोच धरावा. नकाशाला अंतर कळतं, ब्रेकचा वास कळत नाही.

थोरल्याला हे सांगितलं तर तो गप्प बसला. मग म्हणाला, "मालक, म्हणजे तक्ता किलोमीटरवर नाही, घड्याळावर करायचा."

बरोबर उलटा, मी म्हटलं. आधी फाटकाची वेळ लिहायची, मग मागे मोजत यायचं.

तारखांचे पर्याय

तीन संध्याकाळी यावर गेल्या. फेब्रुवारी कायम ठेवून एराविकुलम गाळायचं, हा पहिला विचार. पण तेरा वर्षांच्या नातीने ताहरबद्दल शाळेत काहीतरी वाचलं होतं आणि अख्खी सहल तिच्या डोक्यातून निघाली होती. थोरली सून म्हणाली, "मग मुन्नारपर्यंत जायचंच कशाला?" तिचं म्हणणं खरं होतं.

एप्रिल-मे धाकट्याला हवा होता, मुलांना सुट्टी म्हणून. मी विरोध केला. उन्हाळ्यात बंडीपूर-मुदुमलाईचं पानगळीचं जंगल वाळलेलं असतं. २०१९ च्या फेब्रुवारीत बंडीपूरला लागलेली आग मोठी बातमी झाली होती, आणि वणव्याच्या दिवसांत सफारी कधी बंद होईल सांगता येत नाही. शिवाय मे महिन्यात ऊटीचा रस्ता म्हणजे आमच्या गड्ड्याची, सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेची, गर्दी चाकांवर. निलगिरी जिल्ह्यात जायला मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ई-पास लागतो, तो या गर्दीमुळेच. (पुढे एप्रिल २०२५ पासून हंगामात रोज किती गाड्या सोडायच्या याचाही आकडा ठरवून दिला गेला.)

जानेवारीचा पहिला आठवडा सगळ्याच दृष्टीने चांगला. पण हे घर सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतलं. थोरला यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, पेलणाऱ्यांपैकी. यन्नीमज्जन, अक्षता, होम, दारूकाम आणि कप्पडकळी हे यात्रेचे सगळे विधी उरकल्याशिवाय तो गावाची वेस ओलांडणार नाही, आणि हे मला सांगायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

म्हणून उरली ती फट १८ जानेवारीनंतरची. मागे यात्रा, पुढे १ फेब्रुवारी. गंमत अशी की ती फट दुसऱ्या बाजूनेही चांगली निघाली. तमिळनाडूत पोंगलची सुट्टी त्या वर्षी १९ तारखेपर्यंत होती. आपण १८ ला निघालो तर तिकडे पोचेपर्यंत ती गर्दी परत फिरलेली असेल. रविवारी आलेल्या २६ जानेवारीच्या आधी, शुक्रवारी २४ ला एराविकुलम बघून व्हायला हवं. मुलांच्या शाळा बुडणार होत्या. त्यावर आबांनी निकाल दिला, "बुडू द्या. मी चौथी नापास हाय, कारखाना चालवला की."

एक टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घ्यावी का, हाही विचार झाला. माझं मत तिच्या बाजूने होतं: नऊ माणसं एकत्र, घाट जाणणारा चालक, घरचे दोघे मोकळे. धाकट्याला स्वतःची गाडी घाटात चालवायची होती. मी आग्रह सोडला. तो सोडायला नको होता, पण त्याकडे पुढे येतो.

सहाची तीन कशी झाली

चांदोली आधी गळालं. ते वारणेच्या खोऱ्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे सोलापूरहून पश्चिमेला. बाकी सगळं दक्षिणेला. घरापासून एका दिवसात जाता येतं, त्यासाठी ही वाट वाकडी करायचं कारण नाही.

कुद्रेमुखचं मला वाईट वाटलं. गवताळ डोंगर, मधल्या घळीत शोला नावाचं सदाहरित जंगल. जिथे लोहखनिजाची खाण होती तिथे २००५ च्या अखेरीला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने काम थांबलं. पण तिथली खरी मजा पायी चालण्यात. शिखराची वाट पूर्ण दिवसाची, आबांसाठी नाही. गाडीतून नुसतं ओलांडून जायचं तर एका दिवसाचा फेरा कशाला? नागरहोळे आणि बंडीपूर एकाच जंगलाला लागून, तेव्हा त्यातलं एक पुरे. राहिली बंडीपूर, मुदुमलाई, एराविकुलम. दिवस आठाचे दहा झाले. थोरल्याने तक्ता नव्याने केला. त्यात आता प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ होती आणि तिच्यापुढे लाल अक्षरात 'फाटक'.

बरोबर न्यायच्या गोष्टींवर फार वेळ गेला नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे. दहा दिवस टिकणारं अन्न सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. फक्त एवढं सांगितलं की चटणी स्टीलच्या डब्यात भरा, निलगिरीत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला बंदी आहे. आणि गरम कपडे. ऊटी सव्वाबावीसशे मीटरवर आहे, जानेवारीत पहाटे गवतावर हिम दिसतं. आजी म्हणाल्या, "आपल्याकडं पन थंडी पडतीच की." पंधरा अंशाला आपण शेकोटी पेटवतो, हे त्यांना कोण सांगणार?

पहिले दोन दिवस

ठरलं होतं ते असं: १८ ला पहाटे पाचला निघून विजापूर, होस्पेटमार्गे चित्रदुर्ग, साधारण ४४० किलोमीटर. १९ ला पहाटे निघून मैसूर, दुपारची बंडीपूर सफारी, आणि उजेड असतानाच जंगल ओलांडून मसिनगुडीत मुक्काम.

घडलं ते असं. आबांच्या औषधाने लघवीला वारंवार होते, दर तास-सव्वातासाने गाडी थांबवावी लागते. मी दर तीन तासांनी एक थांबा धरला होता. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. असल्या गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही, आखणाऱ्यानेच विचाराव्यात.

त्यात हंपी. होस्पेटहून हंपी जेमतेम तेरा किलोमीटर, असं मीच बोलून गेलो होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या आजीला विठ्ठल मंदिराचं नाव सांगितल्यावर ती गाडी पुढे जाऊ देईल का? कृष्णदेवरायाने पांडुरंग हंपीला नेला आणि भानुदासांनी तो परत पंढरीला आणला, ही कथा त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. 'देव जिथं राहून आला' ती जागा बघायचीच होती. तिथे गाडी लांब लावावी लागते, पुढे बॅटरीच्या गाडीची रांग. दगडी रथासमोर आजी बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या, असं सून सांगते. हंपीत चार तास गेले आणि चित्रदुर्ग रात्री नऊनंतर आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेनऊ वाजले. मैसूर गाठेपर्यंत दुपारचे साडेतीन, सफारी गेलीच. आता गेलीच आहे तर, म्हणून मुलांनी राजवाड्याचे दिवे मागितले. तो रविवार होता, आणि रविवारी संध्याकाळी सातला मैसूरचा राजवाडा दिव्यांनी उजळतो. बघितल्याशिवाय निघवत नाही, हे मीही कबूल करतो.

गुंडलुपेटचा फोन

८.३५ ला माझा फोन वाजला. धाकटा. "काका, गुंडलुपेटला आलोय. मसिनगुडीचं हॉटेल वाट बघतंय, पैसे भरलेत. फाटक पंधरा-सोळा किलोमीटर. आत्ता दाबली तर नऊच्या आत शिरतो."

हिशेब बरोबर होता. तो एकटा असता तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही. मी विचारलं, दादाची गाडी कुठे आहे? मागे, दहा मिनिटांवर, आबांसाठी थांबलेत.

"मग तू आत जाशील आणि दादा बाहेर राहील," मी म्हटलं. "तुझ्या गाडीत कोण आहे?" त्याच्या गाडीत त्याची बायको, त्याचा सहा वर्षांचा मुलगा आणि थोरल्याचा दहा वर्षांचा. आबांच्या गोळ्या तुझ्या डिकीत आहेत का? हो, त्याच डिकीत. आत मोबाइलला रेंज धड मिळत नाही, पुढचा रस्ता अंधाराचा आणि हत्तींचा, आणि मागे बाप एका गावात गोळ्यांशिवाय. नऊ वाजून एक मिनिटाने फाटकावरचा माणूस ऐकणार नाही. त्याने ऐकूही नये, त्याची नोकरी जनावरांसाठी आहे.

धाकटा चिडला. तीन खोल्यांचे पैसे बुडणार होते. त्याने फोन ठेवला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून तसाच बसलो. ८.५० ला थोरल्याचा फोन आला: गुंडलुपेटमध्येच खोल्या मिळाल्या, जेवायला बसलोय, तो रुसलाय.

या सगळ्या प्रकरणातला निर्णयाचा क्षण हाच होता. तो टळला असता तर बरं, कारण रात्री साडेआठला दमलेल्या माणसाकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवणं हीच आखणीतली चूक आहे.

पुढचा प्रवास

२० ला सहाला फाटक उघडलं तेव्हा त्यांच्यापुढे ट्रकची रांग होती. बंडीपूर त्यांनी रस्त्यावरूनच पाहिलं: चितळं, वानरं, मोर. थांबायला मनाई, म्हणून काचेतूनच. पुढे तमिळनाडूच्या हद्दीवरच्या चेकपोस्टवर कळलं की ई-पास एकाच गाडीचा काढलाय. रेंज शोधत दुसऱ्या गाडीचा काढण्यात पाऊण तास गेला. पाण्याच्या बाटल्यांचा खोका उतरवावा लागला. चटणीचा डबा बघून शिपायाने वास घेतला आणि सोडून दिला.

आता प्रश्न होता: मसिनगुडी सोडून सरळ ऊटीला चढायचं, की ऊटीच्या दोन रात्रींतली एक कापायची? मी कापायला सांगितलं. ऊटीत बघण्यासारखं ऊटीच असतं, जंगल खाली आहे. त्यांनी ऐकलं. हॉटेलवाल्याने आदल्या रात्रीचे पैसे परत केले नाहीत, पण सोमवारी दोन खोल्या अर्ध्या दरात दिल्या. दुपारी थेप्पक्काडूहून मुदुमलाईची सफारी मिळाली. गव्यांचा कळप आणि लांबवर एक सुळेवाला हत्ती. वाघ नाही. संध्याकाळी हत्तींच्या छावणीत त्यांना चारा भरवताना सहा वर्षांच्याने एवढे प्रश्न विचारले की आबा झोपेचं सोंग घेऊन बसले.

ऊटी थोडक्यात आटोपतो: थंडी, आजींनी सोलापुरी चादर शालीसारखी गुंडाळली, २२ ला बायका-मुलं आणि आबा निलगिरीच्या छोट्या गाडीने कुन्नूरला उतरले, भाऊ गाड्या घेऊन खाली आले. कुन्नूर-मेट्टुपालयम घाटात धाकटा ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला आणि पायथ्याला चाकांतून धूर. ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरा, हे मी दुकानात दोनदा सांगितलं होतं. अर्धा तास गाडी गार करत बसले. पाणी ओतलं नाही, हे नशीब. तापलेली डिस्क वाकडी झाली असती.

त्या रात्री मुन्नार गाठायचा मोह झाला नाही, कारण आता फाटकांचा धसका बसला होता. उदुमलपेटला मुक्काम करून २३ ला सकाळी अनमलै आणि चिन्नारच्या जंगलातून चढले. चिन्नार पर्जन्यछायेत येतं: काटेरी झुडपं, लाल माती, वाळकं गवत. केरळ म्हटल्यावर हिरवंगार अपेक्षित होतं. आबा खिडकीतून बघत म्हणाले, "एवढं हिंडून परत नान्नजलाच आलो की रे." नान्नज म्हणजे आमच्या सोलापूरजवळचं माळरान. मग मरयूरचा गूळ घेतला, चहाचे मळे लागले आणि त्यांनी शब्द मागे घेतला.

निष्पत्ती

२४ ला सकाळी एराविकुलम. स्वतःची गाडी आत नेता येत नाही, वनखात्याची बस वर सोडते आणि तिथून डांबरी चढाने चालायचं. तिकिटं वेळेसकट आधी काढली होती, म्हणून रांग वाचली. आजी निम्म्यावर कठड्याला बसल्या. ताहर त्यांच्यापाशीच आले, पाच-सहा, माणसाला न बुजता गवत ओढत. नात वरपर्यंत गेली होती, तिला लांबूनच दिसले. ती थोडी नाराज झाली. वर अनमुडी, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर, ढगात होतं, दिसलंच नाही.

परतीला २५ ला कृष्णगिरी, २६ ला होस्पेट, २७ ला दुपारी सोलापूर. एकूण साधारण साडेबावीसशे किलोमीटर. ठरवलेल्या तीन उद्यानांपैकी दोन नीट बघून झाली, एक ओलांडून. एका मुक्कामाचे पैसे बुडाले. छोट्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलावे लागले.

पुन्हा आखायचं झालं तर

हंपीला मी स्वतंत्र मुक्काम दिला असता, किंवा तिचं नावच काढलं नसतं. 'वाटेत आहे' म्हणून घुसवलेली जागा पुढच्या दिवसाचं फाटक खाते. पहिला दिवस होस्पेटलाच संपवून दुसरा मैसूरला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जंगल. एक दिवस वाढला असता, पण सफारी वाचली असती.

दोन गाड्यांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. न्यायच्या असतील तर औषधं, कागदपत्रं आणि पैसे दोन्हीत विभागून ठेवावेत, ई-पास दोन्हीचे घरीच काढावेत, आणि फाटकाच्या तासभर आधी दोन्ही गाड्या एकत्र असाव्यात. खरं तर ट्रॅव्हलरसाठी मी आणखी भांडायला हवं होतं. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून गप्प बसलो.

फाटकांची माहिती निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासायची, हे मी तेव्हा केलं होतं, पण त्याचं महत्त्व नंतर कळलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये माणसांवर वाघांचे हल्ले झाल्यावर कर्नाटकाने बंडीपूर आणि नागरहोळेची सफारी थांबवली. आमचीच सहल तेव्हा असती तर कितीही सुंदर तक्ता असता तरी उपयोग नव्हता.

एका गोष्टीवर घरात अजून एकमत नाही. धाकटा म्हणतो, त्या रात्री तो आठ पन्नासलाच आत गेला असता. थोरला म्हणतो, गेला असतास.

जुलैमध्ये धाकटा छोटी गाडी अलाइनमेंटला घेऊन आला. मशीन चालू असताना म्हणाला, "काका, ते चांदोली राहिलं होतं बघा. रविवारी जाऊन येऊ का?"

पावसाळ्यात बंद असतं, मी म्हटलं.

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि दादाचा तक्ता उघडला.